चिऱ्याच्या घरांचे फोटो गूगलवर सापडतात, मी सापडत नाही

चिरेबंदी | ३ नोव्हेंबर, रात्री १०:४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय. चूकभूल द्यावी घ्यावी.

मी कुडाळ-मालवण पट्ट्यात चिऱ्याची घरं बांधतो. १७ वर्षं झाली. गिऱ्हाईक बहुतेक मुंबई-पुण्याचं. गावी वडिलोपार्जित जागा आहे आणि निवृत्तीच्या आत घर उभं करायचंय, अशातलं. आजवर कामं तोंडी ओळखीवर मिळत गेली. एका घराची वास्तुशांत झाली की पंगतीतच पुढचं काम ठरायचं.

पण दोन-तीन वर्षं झाली, माणसं बोलायच्या आधी मोबाइल पुढे करतात. "असं घर हवंय." मागच्या महिन्यात ठाण्याचे एक गृहस्थ आले, त्यांनीही फोटो दाखवला. बघतो तर मीच बांधलेलं घर! पडवीचे खांब, समोरचं रामफळाचं झाड, कोपऱ्यात माझ्या गवंड्याची सायकलसुद्धा. त्यांना तो फोटो कुठल्याशा घरांच्या डिझाइनच्या पानावर मिळाला होता. खाली ना गावाचं नाव, ना माझं. वर मलाच विचारतात, "असं जमेल का हो तुम्हाला?"

माझी वेबसाइट आहे. भाच्याने करून दिलीय, २०० च्या वर फोटो आहेत. गूगलच्या फोटोंत एकही येत नाही. एक एजन्सीवाला मागे लागलाय, महिना ८,००० रुपये द्या, प्रत्येक फोटोला 'जिओटॅग' म्हणजे ठिकाणाचा शिक्का मारतो, मग कुडाळात कोणीही घर शोधलं की तुम्हीच वर. द्यावेत का? इथे कॉम्प्युटरवाले बरेच आहेत म्हणून विचारतोय.

सुतळीबॉम्ब | ३ नोव्हेंबर, रात्री ११:०५

८,००० मध्ये एका गवंड्याची आठवड्याची मजुरी निघते. तो निदान भिंत तरी दाखवतो. हे लोक काय दाखवणार, आलेख?

कोडगा | ४ नोव्हेंबर, सकाळी ८:२०

चिरेबंदी दादा, पैसे देऊ नका, निदान आत्ता तरी. वेबसाइटचा पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, बघून सांगतो.

देवबागकर | ४ नोव्हेंबर, सकाळी ९:११

रामफळाचां झाड म्हटल्यार माका कळलां. तां घर आमच्या आतेच्या वाडीतलां!

कोडगा | ४ नोव्हेंबर, रात्री ९:५०

साइट पाहिली. घरं फार देखणी आहेत, साइट तितकीच आंधळी.

पहिल्या पानावर ते सरकणारे पाच मोठे फोटो आहेत ना, ते पानात फोटो म्हणून नाहीतच. सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये, पार्श्वभूमी म्हणून डकवलेत. आपल्याला दिसतात, गूगलला दिसत नाहीत. त्यांच्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की सीएसएसमधली चित्रं ते नोंदवत नाहीत, एचटीएमएलचा, म्हणजे पानाच्या मूळ मांडणीतला, चित्राचा टॅग लागतो. भिंतीला तसबीर टांगणं वेगळं आणि भिंतीवर वॉलपेपर चिकटवणं वेगळं. गूगलचा पोऱ्या घरात येतो आणि फक्त टांगलेल्या तसबिरी मोजून जातो.

'आमची कामं' या पानावर २१४ फोटो एकाच ढिगात आहेत. त्यातले पहिले बारा दिसतात, पुढच्यांसाठी 'आणखी पाहा' दाबावं लागतं. गूगल बटणं दाबत बसत नाही. म्हणजे २०२ फोटो त्याच्या लेखी नाहीतच. उरलेल्या बारांची नावं 'आयएमजी', मग तारीख, मग 'डब्ल्यूए ००४३'. यावरून मला एवढंच कळतं की भाच्याने ते व्हॉट्सॲपवरून उतरवले. गूगलला तेवढंही कळत नाही.

स्वतः करून बघा. गूगलमध्ये रोमन लिपीत 'साइट' लिहायचं, लगेच अपूर्णविराम म्हणजे ती दोन टिंबं, आणि मध्ये जागा न सोडता तुमचा पत्ता. मग वरच्या पट्टीत 'इमेजेस' दाबा. तुमच्या साइटवरचं गूगलला काय काय सापडलंय ते साधारण दिसेल.

चिरेबंदी | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१५

केलं. तीन चित्रं आली. एक आमचा लोगो, एक व्हॉट्सॲपचं हिरवं चिन्ह आणि एक माझा पासपोर्ट साइजचा फोटो. १७ वर्षांच्या कामातून माझं थोबाड तेवढं सापडलं त्याला.

सुतळीबॉम्ब | ४ नोव्हेंबर, रात्री १०:१८

बघा, थोबाडाला जिओटॅग मारून घ्या.

(अवांतर: गूगलने इमेज सर्च २००१ साली काढलं ते जेनिफर लोपेझचा हिरवा झगा शोधणाऱ्यांपायी, असं त्यांचे तेव्हाचे कार्यकारी अध्यक्ष एरिक श्मिट यांनीच २०१५ मध्ये लिहिलं होतं. तेव्हा मूळ उद्देश चिऱ्याची घरं शोधणं हा नव्हता, हे ध्यानात घ्यावं.)

ओटीवरून | ५ नोव्हेंबर, पहाटे ५:३०

मी चिरेबंदींचं संभाव्य गिऱ्हाईक म्हणून लिहिते. आम्ही न्यू जर्सीत आहोत, सासऱ्यांची जागा लांजा तालुक्यात आहे. गेलं वर्षभर मी घराचे फोटो शोधतेय, त्यामुळे पलीकडच्या बाजूला काय चालतं ते सांगते.

सुरुवातीला इंग्रजीत 'लॅटराइट स्टोन हाउस' टाकलं. आलेली जवळपास सगळी घरं केरळची. सुंदर आहेत, पण लांज्यात येऊन ती कोण बांधणार? मग सासूबाई म्हणाल्या, अगं चिरा म्हण. 'चिरा हाउस कोकण' असं रोमनमध्ये टाकलं तेव्हा कुठे आपल्याकडची दिसायला लागली. त्यातली निम्मी अशी पानं, की फोटो आहे, खाली काहीच नाही. कोणी बांधलं, कुठे बांधलं, कधी बांधलं, शून्य.

साठेक फोटो जमवले असतील. पण ज्यांवर क्लिक करून पुढे वाचलं, ते तयार घरांचे नव्हतेच. तयार घर सगळंच छान दिसतं हो. माझे प्रश्न वेगळे होते. चिरा बाहेरून उघडा ठेवला तर आत ओल येते का? कौलाखाली काय घालतात? माकडांनी कौलं फोडली तर? एका फोटोत नुसती भिंत होती, खालच्या दोन थरांवर हिरवट झाक, आणि खाली ओळ होती, 'दुसऱ्या पावसाळ्यानंतर, बाहेरून काहीही न लावता'. त्या माणसाला मी फोन केला. तो गोव्यात पेडण्याचा निघाला, लांज्याला येत नाही म्हणाला. नाहीतर काम त्याचंच होतं.

चिरेबंदी | ५ नोव्हेंबर, सकाळी ७:०२

ताई, हे वाचून झोप उडाली. शेवाळ धरलेल्या भिंतीचे फोटो मी मुद्दाम काढून टाकायला लावले होते भाच्याला!

चिरा आणि जांभा हा घोळ मात्र खराच आहे. जांभा ही दगडाची जात, त्यातून खाणीत कापून काढतात तो चिरा. आम्ही बोलताना 'चिऱ्याचं घर' म्हणतो, आर्किटेक्ट 'जांभ्याचं' लिहितात, इंग्रजी वाचणारे लॅटराइट. मी साइटवर यातला एकही शब्द लिहिलेला नाही. 'दर्जेदार बांधकाम, वेळेत पूर्णता' एवढंच आहे.

कोडगा | ५ नोव्हेंबर, दुपारी १:४०

ओटीवरून यांना +१००. माझं निम्मं काम त्यांनीच केलं.

गूगल फोटो 'बघतो' ते आता बऱ्यापैकी बघतो, फोटोतली वस्तू ओळखणारं त्यांचं 'गूगल लेन्स' येऊनही बरीच वर्षं झाली (२०१७). फोटोत घर आहे, दगड आहे, कौलं आहेत हे त्याला कळतं. पण हे घर कुडाळ तालुक्यात आहे, भिंत दुसऱ्या पावसाळ्यानंतरची आहे, आणि ती पाहणाऱ्याला ओलीची काळजी आहे, हे फोटोत कुठेच नसतं. ते फोटोच्या आजूबाजूच्या मजकुरात असतं. म्हणून सगळा जीव तिथे ओता. फाइलच्या नावाने फार फरक पडतो असं जे सांगतात त्यांना सांगा, गूगल स्वतःच त्याला 'अगदी हलका सुगावा' म्हणतं. नाव नीट द्यावं, रोमनमध्ये, शब्दांमध्ये छोटी आडवी रेघ टाकून: 'चिरा-भिंत-दर्जा-कुडाळ' असं काहीतरी (दर्जा म्हणजे चिऱ्यांमधले सांधे). पण त्यापायी रात्री जागू नका.

मी तुमच्या जागी असतो तर २१४ फोटोंचा ढीग मोडला असता. एका घराला एक पान. वर मथळा, मग तुम्ही मला फोनवर सांगाल तशी त्या घराची हकिगत: जागा उताराची होती का, चिरा कुठल्या खाणीचा, किती चौरस फूट, किती महिने लागले, काय अडलं. मध्ये मध्ये आठ-दहा फोटो, ज्या वाक्यात ज्याचा विषय आहे त्याच्या शेजारीच. प्रत्येकाखाली एक ओळ. दहा घरांची दहा पानं झाली तरी पुष्कळ. बाकीचे फोटो हार्ड डिस्कवर सुखाने नांदू देत.

आणि प्रत्येक चित्राला 'ऑल्ट' मजकूर, म्हणजे चित्राच्या पाठीमागे लिहिलेलं वर्णन. ते भाच्याने रिकामं सोडलंय.

चिरेबंदी | ५ नोव्हेंबर, दुपारी २:१०

एजन्सीवाल्याने नमुना म्हणून एका फोटोला ऑल्ट लिहून दिला होता. इथे मराठीत देतो: 'चिरा घर कोकण बेस्ट चिरा घर कंत्राटदार कुडाळ स्वस्त चिरा घर मालवण चिरा घर डिझाइन'. हे चालेल का?

ऐकीव | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:२५

मी पूर्ण अंध आहे, एनव्हीडीए या स्क्रीन रीडरवर हा धागा ऐकतोय. आता तुमची वरची ओळ माझ्या कानावर कशी आली असेल त्याची कल्पना करा. एका दमात, एका सुरात, चार वेळा 'चिरा घर'. लिलावात बोली लावल्यासारखं.

ऑल्ट मजकूर गूगलसाठी जन्माला आलेला नाही, आमच्यासाठी आला. चित्राच्या जागी ते वाक्य मला ऐकू येतं. माझं गाव सावंतवाडीजवळ आहे. घराची दुरुस्ती काढली तर कंत्राटदार मीच ठरवणार, बायको फक्त रंग ठरवेल. तेव्हा मला असं काहीतरी सांगा: 'चिऱ्याच्या भिंतीच्या दर्जा सिमेंटने भरताना गवंडी, खालचे तीन थर पूर्ण, वरचे कोरडे.' एवढ्यावर माझ्या डोक्यात भिंत उभी राहते. नुसत्या नक्षीला मात्र ऑल्ट रिकामाच ठेवा, तिथे 'सुंदर लाल रेघ' ऐकण्यात मला काडीचा रस नाही.

कोडगा | ५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६:४०

ऐकीव, दंडवत. 'ऑल्ट कसा लिहावा' यावर मी चार वर्षं लोकांना स्लाइड दाखवतोय, उद्यापासून हा प्रतिसाद वाचून दाखवणार. गूगलही नेमकं हेच सांगतं बरं का, शब्द कोंबलेत तर पान कचऱ्यात जमा होऊ शकतं.

गळती_बंद | ६ नोव्हेंबर, सकाळी ११:००

मी ठाण्यात टेरेस वॉटरप्रूफिंग करतो. आमच्या धंद्यात तर देखणा फोटो असा प्रकारच नाही. गच्चीवर साठवलेलं पाणी आणि खालच्या मजल्यावरचं कोरडं छत, यात काय देखणं असणार? पण मला सगळ्यात जास्त फोन आणणारा फोटो आहे तो वाटा मारतानाचा. कठडा आणि स्लॅब जिथे भेटतात तिथली गोलाई, थापी अजून ओल्या मालावर. लोकांना गळती तिथूनच होते हे माहीत नसतं, फोटो बघून ते म्हणतात, आमच्या बिल्डरने हे केलंच नाही.

फोटो काढण्याबद्दल चार अनुभवाचे बोल. लेन्स आधी शर्टाला पुसा, साइटवर सिमेंटची भुकटी बसलेली असते. ते '०.५' वालं रुंद भिंग भिंतींवर वापरू नका. ओळंब्यात बांधलेली भिंत फोटोत कललेली दिसते आणि गिऱ्हाईक तुमच्या ओळंब्यावर शंका घेतं. एक जागा ठरवून तिथूनच महिन्या-महिन्याला फोटो काढा. मी कठड्यावर ऑइलपेंटने फुली मारून ठेवतो, तिथे पाय ठेवायचे. आणि फ्रेममध्ये टेप, थापी, घमेलं काहीतरी असू द्या, म्हणजे आकार कळतो.

मोबाइलमधून कॉम्प्युटरवर आणताना व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवू नका, आकार आणि बारकावा दोन्ही जातात. 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला तर मूळ फाइल जशीच्या तशी जाते. आयफोनवाल्यांनी 'हेइक' प्रकार बदलून जेपेग करून घ्यावा, गूगल इमेजेस जे प्रकार घेतं त्यांत हेइक नाही.

गूगल बिझनेस प्रोफाइलवरही (गूगलच्या नकाशात दिसते ती धंद्याची नोंद) टाकताय ना? मला निम्मे फोन तिथूनच येतात. तिथे जेपेग किंवा पीएनजी, १० केबी ते ५ एमबी, ७२० बाय ७२० पिक्सेल असावा म्हणतात. दुकान नसलं तरी चालतं, पत्ता लपवून फक्त कुठल्या भागात काम करता ते दाखवता येतं.

चिरेबंदी | ६ नोव्हेंबर, रात्री ९:३०

वाटा मारतानाचा फोटो! खरंय. आमच्याकडे तसं म्हणजे पावळीचं पाणी. कौलावरून पडणारं पाणी जमिनीवर आपटून भिंतीच्या पायथ्याला उडतं, तिथेच चिरा आधी काळा पडतो. म्हणून मी जोत्याला दोन फूट काळा दगड घेतो आणि त्यावर चिरा चढवतो. हे मी प्रत्येक गिऱ्हाइकाला समक्ष सांगतो, साइटवर एका शब्दाने नाही.

एक विचारू? फोटोच्या मधोमध फोन नंबर टाकला तर? चोरी तरी थांबेल.

आरेखिका | ७ नोव्हेंबर, सकाळी १०:१५

मधोमध नको, प्लीज. भिंत बघायची की नंबर? टाकायचंच तर खालच्या कोपऱ्यात बारीक नाव टाका.

मी पुण्यात आर्किटेक्ट आहे, कोकणात तीन-चार कामं केलीत. मला दुसरंच खुपतंय. कंत्राटदार फोटो टाकतात, डिझाइन कोणाचं ते लिहीत नाहीत. तुमचं घर कोणीतरी बिननावाने लावलं याचं दुःख तुम्हाला आहे, तसंच ते आम्हालाही होतं. पानावर 'आराखडा अमुक यांचा' एवढी ओळ लिहा. त्यात तुमचाच फायदा आहे, आम्हीही मग आमच्या साइटवरून तुमच्या पानाची लिंक देतो.

हक्कांचं थोडं सांगते, कारण यात लोक फसतात. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला मालक सहसा काढणारा. पण पैसे देऊन छायाचित्रकाराकडून काढून घेतला आणि उलट काही लिहून दिलेलं नसलं, तर मालक पैसे देणारा. म्हणजे तुमच्या मोबाइलवर तुम्ही काढलेले फोटो निर्विवाद तुमचे. ते दुसऱ्याने उचलले तर गूगलकडे कॉपीराइटची तक्रार करण्याचा फॉर्म आहे. त्याने गूगलच्या निकालातून ते पान जातं, मूळ साइटवरून फोटो काढायला त्या साइटवाल्यालाच लिहावं लागतं.

आणि घरमालकाची परवानगी घेता का? घर तुम्ही बांधलं, पण ते त्यांचं आहे.

ओटीवरून | ७ नोव्हेंबर, संध्याकाळी ७:४५

हो, आणि याच्याशी जोडूनच एक फार महत्त्वाचं. त्या जिओटॅगचा विचार कोणी केलाय का? म्हणजे फोटोच्या फाइलमध्ये घराचे अक्षांश-रेखांश. आमच्यासारख्यांची घरं वर्षातले दहा महिने कुलूपबंद असतात. फोटोत मागचं दार दिसतंय, खिडकीची ग्रिल दिसतेय, सीसीटीव्ही नाही हेही दिसतंय, आणि फाइलमध्ये दाराशी आणून सोडणारा पत्ता! माझ्या घराचा असा फोटो कोणी टाकला तर मी त्याला कोर्टात खेचेन.

कोडगा | ७ नोव्हेंबर, रात्री ११:२०

हा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. लाज वाटली.

मी फक्त 'जिओटॅगचा उपयोग नाही' एवढंच सांगणार होतो. गूगलच्या चित्रांच्या मार्गदर्शिकेत फोटोतल्या जीपीएसमुळे वर येता येतं असं कुठेही म्हटलेलं नाही. उलट साइटमॅपमध्ये (गूगलला द्यायची साइटच्या पानांची यादी) चित्राचं ठिकाण सांगणारा एक टॅग पूर्वी होता, तोच त्यांनी २०२२ मध्ये बंद केला, मथळा आणि ओळीच्या टॅगांसकट. म्हणजे एजन्सी जे विकतेय ते फार तर निरुपयोगी, आणि ताई म्हणतात तसं धोक्याचंही. मूळ फाइल तशीच चढवली तर मोबाइलने नोंदवलेलं जीपीएस त्यातच राहतं, टॅग मारायचीही गरज नाही. चिरेबंदी दादा, कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये 'लोकेशन' बंद करा, आजच. जुने फोटो चढवण्याआधी ती माहिती पुसा. विंडोजमध्ये फाइलवर उजवं क्लिक, प्रॉपर्टीज, डिटेल्स, खाली माहिती काढून टाकायची सोय आहे. 'कुडाळ तालुका' हे शब्दांत लिहा, तेवढं ठिकाण गूगललाही पुरतं आणि गिऱ्हाइकालाही.

फाइलमध्ये ठेवायचंच असेल तर आयपीटीसीच्या, म्हणजे फाइलमध्येच फोटोची माहिती लिहायच्या ठरलेल्या, रकान्यांत काढणाऱ्याचं नाव आणि हक्काची ओळ ठेवा. ती गूगल इमेजेस फोटोसोबत दाखवू शकतं.

आकाराचं राहिलंच. तुमचा मूळ फोटो सहा-सात एमबीचा. १६०० पिक्सेल रुंद करा, वेबपी किंवा जेपेगमध्ये, २००-३०० केबीपर्यंत उतरवा. 'स्क्वूश' नावाचं गूगलचंच फुकट साधन ब्राउझरमध्ये चालतं, डावीकडे मूळ आणि उजवीकडे बारीक केलेला असं शेजारी-शेजारी दाखवतं. चिऱ्याची भोकं दिसेनाशी झाली की जास्त दाबलंत असं समजा. गावात एका काडीच्या रेंजवर पान उघडलं पाहिजे, ही माझी परीक्षा.

सुतळीबॉम्ब | ८ नोव्हेंबर, सकाळी ९:००

इतकी मेहनत करण्यापेक्षा एआयला सांगा, 'कोकणातलं चिऱ्याचं घर काढ'. दोन मिनिटांत शंभर फोटो.

चिरेबंदी | ८ नोव्हेंबर, दुपारी १:२५

अहो, तेच घेऊन येतात आता लोक! परवा एक जोडपं आलं. चित्र झकास. पण कौलाला उतार दहा अंशसुद्धा नाही. आमच्याकडे जूनमध्ये त्या कौलाखाली माणूस नाही, मासे राहतील. खांब चिऱ्याचा, पण जाडी उसाच्या कांडक्याएवढी. आणि अंगणात नारळाच्या झाडाला आंबे. त्यांना समजावता समजावता दोन चहा झाले.

आरेखिका | ८ नोव्हेंबर, दुपारी १:३०

=)) =)) नारळाला आंबे!

बिझनेस प्रोफाइलवर तसं टाकूही नका, फोटो प्रत्यक्षाला धरून असावा हा तिथला नियम आहे.

खाडीकाठ | ९ नोव्हेंबर, रात्री ८:१०

वेबसाइट कशाला हवी, इन्स्टाग्राम पुरे ना? २०२५ च्या जुलैपासून सार्वजनिक व्यावसायिक खात्यांचे फोटो गूगलवरही दिसू शकतात.

कोडगा | ९ नोव्हेंबर, रात्री ८:५५

दिसू शकतात, आणि खातं असेल तर तिथेही नीट ओळ लिहाच. पण एका घराची अख्खी हकिगत तिथे मांडता येत नाही. शिवाय दुसऱ्याच्या जागेवरचं घर ते. गूगलने बिझनेस प्रोफाइलसोबत मिळणाऱ्या फुकट वेबसाइटी मार्च २०२४ मध्ये बंद केल्या, तेव्हा त्यावर विसंबलेल्यांचं बिऱ्हाड रस्त्यावर आलं. चिरेबंदींचं स्वतःचं डोमेन आहे, ते सोनं आहे.

चिरेबंदी | १४ डिसेंबर, रात्री १०:००

धागा वर काढतोय. प्रगती सांगतो.

भाचा आणि मी तीन रविवार बसलो. गॅलरी मोडली. चार घरांची चार पानं केली. मी बोलत गेलो, तो टाइप करत गेला. पहिल्या पानावरचे सरकते फोटो काढून एकच ठेवला, टांगलेला. त्या चारही मालकांना फोन केले. तिघांनी परवानगी दिली. चौथे म्हणाले, पुढची बाजू टाका, मागची नको. एका घराच्या दारावरची नावाची पाटी पुसून घेतली.

एजन्सीवाल्याला 'नाही' म्हणून कळवलं. तो म्हणाला, मग गूगलवर तुमचं नाव विसरा.

एक ओळ इथे टाकतो, कशी आहे सांगा. जोत्याचा फोटो आहे, ऑक्टोबरात काढलेला: 'कौलावरून पडणारं पाणी भिंतीवर उडतं म्हणून जोतं दोन फूट काळ्या दगडाचं, वर चिरा. कुडाळ तालुका, तिसऱ्या पावसाळ्यानंतर. काळ्या दगडावर शेवाळ आहे, चिऱ्यावर नाही.' शेवाळ दिसतंय फोटोत. भाचा म्हणाला, मामा, घासून घेऊया का? म्हटलं राहू दे.

ऐकीव | १४ डिसेंबर, रात्री १०:३०

ऐकलं. भिंत दिसली.

ओटीवरून | १५ डिसेंबर, पहाटे ४:५०

ओळ उत्तम. फक्त चिऱ्यासोबत एकदा जांभा आणि लॅटराइट हेही कुठेतरी येऊ द्या, नाहीतर माझ्यासारखी पुन्हा केरळात जाईल.

चिरेबंदी | २२ मार्च, रात्री ९:४०

उशीर झाला, सीझन आहे. जूनच्या आत तीन घरांवर कौलं चढवायचीत.

साइटला गूगलचं सर्च कन्सोल, म्हणजे शोधातून लोक कसे आले ते दाखवणारं साधन, जोडलं होतं. त्यात 'परफॉर्मन्स'मध्ये शोधाचा प्रकार 'इमेज' निवडला की फक्त फोटोंचा हिशेब दिसतो. डिसेंबरभर काहीच नव्हतं, मी भाच्याला शिव्या घालत होतो. जानेवारीच्या शेवटी हलायला लागलं. आकडे फार मोठे नाहीत. पण लोक काय शब्द टाकून आले ते तिथे दिसतं, आणि त्यातली गंमत अशी: 'चिरा घर' म्हणून कमी आलेत. 'चिरा भिंत ओल उपाय', 'कौलारू घर माकड', 'जांभा दगड काळा पडतो' असं टाकून जास्त आलेत. बहुतेक रोमनमध्ये, काही देवनागरीत. माकडांवर माझ्या पानावर अर्धंच वाक्य होतं. आता त्याचं वेगळं पान करतोय, कौलाखालच्या जाळीच्या फोटोंसकट.

फोन म्हणाल तर आतापर्यंत चार. दोघांनी फक्त भाव विचारला. एकाची जागा रायगडात, जमणार नाही. चौथे गृहस्थ डोंबिवलीचे, ते जोत्याचा फोटो घेऊन आले. म्हणाले, "हे शेवाळवालं घर तुमचंच ना?"

काम मेच्या आधी जोत्यापर्यंत न्यायचंय.

सुतळीबॉम्ब | २२ मार्च, रात्री ९:५२

अभिनंदन दादा. आता तो रामफळवाला फोटो चोरणाऱ्याचं काय झालं?

चिरेबंदी | २२ मार्च, रात्री १०:०५

त्याला आरेखिका ताईंनी सांगितल्याप्रमाणे दोनदा लिहिलं, उत्तर नाही. गूगलचा फॉर्म भरलाय. पण त्याच घराचं पान मीही केलंय, मूळ फोटो आणि काम चालू असतानाचे सात. सायकल असलेलासुद्धा. गवंड्याला दाखवला तर म्हणतो, माझी सायकल मोबाइलवर आली, मला तेवढा प्रिंट काढून द्या.

देवबागकर | २२ मार्च, रात्री १०:२०

आणि आतेक? तिच्या वाडीतल्या घराचो फोटो, एक प्रिंट तिकाय होयो.